परांचीवर चढण्याआधी



आज आपण मुंबईच्या बांधकामाविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "मुंबईची इमारत अन् आमचं गाव, यांचा काय संबंध?" संबंध मोठा आहे. सुगी आटोपली की जालना, परभणी, नांदेड, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून माणसे मुंबईची गाडी धरतात. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी घरे अशीच निघाली आणि तिकडेच राहिली. आजही गावातले कोणी ना कोणी तिकडे असते. कोणाचा भाऊ असतो, कोणाचा जावई असतो. उद्या आपल्यापैकीही कोणी जाईल.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही मुंबईची उपनगरे. तिथे सकाळी नाका भरतो. गवंडी थापी आणि ओळंबा घेऊन उभा राहतो. रंगारी ब्रश घेऊन येतो. बिगारी आणि बाया रिकाम्या हातांनी वाट पाहतात. मुकादम येतो, माणसे निवडतो, भाव ठरतो. दिवसाचे किती, सुट्टी कधी, पैसे रोज की आठवड्याने, सारे बोलून होते. एकच गोष्ट कोणी विचारत नाही. "वर चढायचं आहे, तर धरायला काय आहे?"

हा प्रश्न कोणी विचारावा, कसा विचारावा आणि उत्तर मिळाले नाही तर काय करावे, एवढेच आज सांगायचे आहे.

मोठ्या कामाच्या फाटकाशी फलक असतो. डोक्यावर हेल्मेट नसेल तर आत सोडत नाहीत. तिथेही अपघात होतात, ते पुढे सांगू. पण आपल्या माणसांना पुष्कळ वेळा लहान काम मिळते. जुन्या सोसायटीला बाहेरून रंग द्यायचा असतो. गच्चीतून पाणी गळते, ते थांबवायचे असते. सज्जा फुगलेला असतो, तो फोडून नवा करायचा असतो. ठेकेदार छोटा, माणसे पंधरा-वीस, काम दोन-तीन महिन्यांचे. अशा कामावर नियम कोण पाहतो? बहुधा कोणीच नाही.

असे का होते, ते पाहू. सोसायटी काम ठेकेदाराला देते. ठेकेदार ते पोटठेकेदाराला देतो. पोटठेकेदार मुकादमाला सांगतो. मुकादम नाक्यावरून माणसे आणतो. काम एक, हात चार. माणूस पडला की प्रत्येक जण खाली बोट दाखवतो. सोसायटी म्हणते, "आम्ही ठेका दिला होता." ठेकेदार म्हणतो, "तो माझा मजूर नव्हे." मुकादम म्हणतो, "मी तर नुसती माणसं आणली." सर्वांत खाली कोण उरतो? पडलेला माणूस. मग सगळे मिळून म्हणतात, "त्याचाच तोल गेला."

तोल कोणाचाही जातो. म्हणून तर कठडा लागतो. विहिरीला कठडा आपण का बांधतो? माणूस मूर्ख आहे म्हणून नव्हे. कधी पाय घसरतो, कधी चक्कर येते, कधी अंधार असतो, म्हणून बांधतो. इमारतीचेही तेच आहे.

आता धोके कोणते आणि त्यांवर उपाय कोणते, ते एकेक करून ऐका.

पहिला धोका उंचीचा. परांची म्हणजे बांबूंचा किंवा लोखंडी नळ्यांचा सांगाडा. बांबू चिरलेला नसावा. सुंभ कुजलेला नसावा. सांगाडा भिंतीला जागोजाग पक्का बांधलेला असावा. उभे राहायला एकच फळी पुरत नाही. दोन पाय ठेवून वळता येईल इतकी रुंद जागा हवी, आणि फळ्या हलणाऱ्या नसाव्यात. कमरेच्या उंचीला आडवा कठडा हवा. अंगावर पट्टा हवा, आणि पट्ट्याचा दोर पक्क्या जागी अडकवलेला हवा. पट्टा अंगात आणि दोर लोंबता, तर तो पट्टा काय कामाचा? दोर परांचीच्याच बांबूला बांधला, तर परांचीबरोबर माणूसही खाली येतो.

दुसरा धोका सेंट्रिंगचा. ओल्या स्लॅबचा सगळा भार टेकूंवर असतो. टेकू विटांच्या थप्पीवर किंवा भुसभुशीत मातीवर उभे केले, तर ते सरकतात. स्लॅब पक्का होण्याआधी टेकू काढले, तर स्लॅब बसतो. ठेकेदाराला फळ्या दुसऱ्या कामावर न्यायची घाई असते. त्या घाईत माणसे जातात.

तिसरा धोका खड्ड्याचा. पाया किंवा गटार खोदताना बाजू सरळ उभ्या ठेवतात. काढलेली माती तिथेच काठावर टाकतात. पाऊस पडला की बाजू ढासळते. छातीएवढा खोल खड्डा असेल, तर बाजूंना फळ्या आणि टेकू हवेत. माती काठापासून दूर हवी, आणि वर यायला शिडी हवी.

चौथा धोका लिफ्टच्या उभ्या पोकळीचा. लिफ्ट बसायची असते आणि प्रत्येक मजल्यावर नुसते भोक उघडे असते. घमेले डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला ते दिसत नाही. तिथे कठडा किंवा जाळी हवीच.

पाचवा धोका विजेचा. उघड्या तारा ओल्या जमिनीवरून नेतात, आणि पिन न लावता तारच भोकात खोचतात. लोखंडी परांची तारेला टेकली की सगळ्या परांचीत वीज उतरते.

सहावा धोका बंद टाकीचा. टाकीत बरेच दिवस पाणी साठले असेल किंवा आत रंग-रसायन मारले असेल, तर आतली हवा श्वासाला पुरत नाही. एक माणूस उतरतो आणि पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. ९ मार्च २०२५ रोजी मुंबईत नागपाडा भागात असेच झाले. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले ४ मजूर गुदमरून गेले. आधी हवा खेळवावी, कमरेला दोर बांधून एकाने उतरावे, दोर धरून दुसऱ्याने वर थांबावे. एवढे न करता टाकीत पाय ठेवू नये.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे म्हणतात. म्हणून आणखी काही ठेचा सांगतो.

१० सप्टेंबर २०२३ हा रविवार होता. मुलुंडच्या पलीकडे ठाण्यात, बाळकुम येथे एका ४० मजली इमारतीचे काम चालू होते. गच्चीवरचे काम संपवून मजूर संध्याकाळी बांधकामाच्या लिफ्टने खाली येत होते. लिफ्ट कोसळली. ७ मजूर गेले. इमारत केवढी मोठी! पण गळती थांबवण्याच्या कामाला माणसे छोट्या ठेकेदाराकडूनच येतात. इमारत मोठी असली म्हणजे आपण सुरक्षित आहोत, असे समजू नये.

५ सप्टेंबर २०२४ रोजी मालाड पूर्वेला एका बांधत्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्लॅबचा भाग कोसळला. त्यातही मजूर दगावले.

आणि घाटकोपरची गोष्ट तर सर्वांनी लक्षात ठेवावी अशी आहे. २५ जुलै २०१७ रोजी सकाळी तिथली साई दर्शन ही इमारत कोसळली. १७ माणसे गेली. तळमजल्यावर दुरुस्ती चालली होती. त्या कामात इमारतीच्या खांबांना हात लावला, असा आरोप रहिवाशांनी केला. मेलेली माणसे मजूर नव्हती. ती आपापल्या घरात बसली होती. म्हणजे नियम मोडून केलेले काम नुसते मजुराच्या जिवावर उठत नाही. वर राहणाऱ्याच्या, शेजाऱ्याच्या आणि रस्त्याने जाणाऱ्याच्याही जिवावर उठते. हे सोसायटीच्या लोकांना समजावून सांगितले, तर ते आपल्या बाजूने उभे राहतात. आम्ही नाक्यांवर आणि सोसायट्यांत जातो, तेव्हा हीच गोष्ट आधी सांगतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू.

बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली केंद्र सरकारने वेगळा कायदा केला. महाराष्ट्रात त्याचे नियम २००७ साली झाले, आणि मजुरांच्या कल्याणाचे मंडळ २०११ साली स्थापन झाले. त्या जुन्या कायद्याच्या जागी आता नवा कायदा आला आहे. त्याचे नाव व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०. नाव लांबलचक आहे. पाठ करू नका. तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, एवढे ध्यानात ठेवा.

या कायद्यातले दोन आकडे मात्र पाठ करा. पहिला आकडा १०. बांधकामावर १० किंवा अधिक मजूर असतील, तर कायदा लागतो. दुसरा आकडा २५०. बांधकामावर २५० मजूर असतील, तर मालकाला सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो. आता विचार करा. पंधरा-वीस माणसांच्या कामाला कायदा तर लागला, पण पाहणारा अधिकारी नेमायचे बंधन नाही. शेत आहे, कुंपण आहे, पण राखणदार नाही. आपली माणसे नेमकी तिथेच काम करतात.

आणखी एक युक्ती ऐका. काही ठेकेदार हजेरीच्या वहीत ९ च नावे लिहितात. बाकीचे मजूर "दुसऱ्याचे" म्हणून सांगतात. दहाचा आकडा गाठलाच नाही, तर कायदा लागणार कसा? म्हणून आपले नाव हजेरीत आहे की नाही, हे पाहिलेच पाहिजे.

तुम्ही म्हणाल, "सरकारी निरीक्षक येत नाही का?" येतो, पण कुठे येतो? कोणत्या कामाची तपासणी करायची, हे आता संगणक ठरवतो. चिठ्ठ्या टाकून नाव काढावे, तसे. पण ज्या कामाची कुठे नोंदच नाही, त्याची चिठ्ठी डब्यात नसते. ती निघणार कशी? म्हणून लहान कामावर निरीक्षक आपण होऊन क्वचितच पोचतो. त्याला कोणीतरी बोलवावे लागते.

बोलावल्यावर तो काय करू शकतो? जिवाला धोका आहे असे त्याला दिसले, तर तो लेखी हुकूम देऊन ते काम थांबवू शकतो. छोट्या ठेकेदाराला दंडापेक्षा याची भीती जास्त वाटते. काम थांबले की त्याचे पैसे अडकतात. आणि मालकाने कायद्यातले कर्तव्य पाळले नाही व त्यामुळे मजूर मेला, तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. दंडातली निदान निम्मी रक्कम वारसांना द्या, असे कोर्ट सांगू शकते. पण माणूस गेल्यावर मिळालेला पैसा घेऊन काय करायचे? काम वेळीच थांबवणे हेच खरे.

आता ठेकेदाराचे म्हणणेही ऐकू. एकाच बाजूचे ऐकून न्याय होत नाही. तो म्हणतो, "मी काय मोठा शेठ आहे? पट्टे आणा, जाळ्या बांधा, कठडे लावा. परवडायचं कसं? मी भाव वाढवला तर सोसायटी दुसऱ्याला काम देईल." यात थोडे खरे आहे. सोसायटी सर्वांत कमी भाव पाहते. जो जाळी बांधत नाही, त्याचा भाव कमी असतो. मग प्रामाणिक ठेकेदार मागे पडतो आणि जीव धोक्यात घालणारा पुढे जातो.

यावर तोड काय? ठेकेदाराला खर्च माफ करणे ही तोड नव्हे. परांची, जाळी, पट्टे आणि हेल्मेट यांचा खर्च कामाच्या कागदातच वेगळा लिहावा. सर्व ठेकेदारांनी तो धरूनच भाव सांगावा. जो तो पाळणार नाही, त्याचा हप्ता सोसायटीने रोखावा. नियम सगळ्यांना सारखा लागला, म्हणजे कोणाचेच नुकसान होत नाही. नियम एकालाच लागला, तर तो एकटा बुडतो. म्हणून लहान कंपनीला सूट द्या, असे जे म्हणतात, ते आम्हांला पटत नाही. तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याला खालची जमीन सूट देत नाही. ठेकेदार लहान असला म्हणून जमीन मऊ होत नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट. मजूर म्हणतो, "दादा, तुमचं सगळं पटतंय. पण मी बोललो तर उद्या मला कामावर घेणार नाहीत. माझी चूल कशी पेटायची?" ही भीती खोटी नाही. जो माणूस रोज नव्याने नाक्यावर उभा राहतो, त्याचे तोंड बंद करायला "उद्या येऊ नको" एवढे तीन शब्द पुरतात. म्हणून एकट्याने बोलू नये. गाव करी ते राव काय करी, ही म्हण नाक्यावरही चालते. एका नाक्याच्या माणसांनी मिळून ठरवावे, की पट्टा आणि पक्की परांची असल्याशिवाय उंचीवर कोणी चढणार नाही. एक नाही म्हणाला तर मुकादम दुसरा नेईल. सगळेच नाही म्हणाले, तर तो पट्टे आणील.

कायदाही इथे थोडा आधार देतो. जिवाला धोका आहे असे वाटले, तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवण्याचा हक्क मजुराला आहे. कळवल्यावर मालकाने लगेच उपाय केला पाहिजे. तक्रार कोणी केली, हे निरीक्षकाने फोडू नये, असाही दंडक आहे. हा दंडक जगातल्या अनेक देशांनी मिळून १९४७ साली केलेल्या कराराचा आहे, आणि भारताने तो १९४९ साली मान्य केला आहे.

तक्रार कुठे करावी? कामगार आयुक्तांचे कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. सुरक्षेचे पाहणारे खाते म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. इमारतीच्या परवानगीविषयी किंवा खांब तोडण्याविषयी तक्रार असेल, तर महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयात जावे. अंधेरी पूर्वेला के-पूर्व, पश्चिमेला के-पश्चिम, बोरिवलीला आर-मध्य, मुलुंडला टी आणि घाटकोपरला एन, अशी त्या विभागांची नावे आहेत. अपघात झालाच, तर आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पोलिसांना ११२ वर कळवा आणि पंचनामा होऊ द्या. "पोलिसांत जाऊ नका, आपसात मिटवू," असे कोणी म्हणाले, तर ऐकू नका. पंचनाम्याचा कागद नसला, तर भरपाई मागताना हात रिकामे राहतात.

इथे तुमचे अक्षरज्ञान कामाला येते. तुम्ही आता वाचू लागला आहात, लिहू लागला आहात. त्याचा उपयोग असा करा.

फाटकावरचा फलक वाचा. ठेकेदाराचे नाव, इमारतीचे नाव, रस्त्याचे नाव लहान वहीत लिहा. रोज तारीख घाला आणि हजेरी मांडा. फलक नसेल, तर मुकादमाला विचारा. तो सांगत नसेल, तर वहीत तेही लिहा. हेल्मेटवर आयएसआय खूण आहे का, ते वाचा. कोरड्या कागदावर अंगठा उठवू नका. कागद वाचून मग सही करा. वाचू दिला नाही, तर सही नाही.

तीच माहिती गावी घरच्यांना कळवा. फोनवर सांगा किंवा चिठ्ठीत लिहा. पुष्कळ वेळा असे होते, की माणूस मुंबईत मरतो आणि त्याचे प्रेत रातोरात गावी पोचते. बरोबर हजार-दोन हजार रुपये असतात. मालक कोण, काम कुठले, हे घरात कोणालाच माहीत नसते. मग भरपाई मागायची तरी कोणाकडे? घरच्या मडक्यात ठेवलेली एक चिठ्ठी तेव्हा लाख मोलाची ठरते.

आणखी एक काम करा. गेल्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केले असेल आणि वय १८ ते ६० च्या मधले असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवा. बांधकामाच्या खर्चावर सरकार उपकर घेते, तो याच कामासाठी आहे. ते आपल्या घामाचे पैसे आहेत, भीक नव्हे. दलालाच्या हाती कागद देऊ नका. नव्वद दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून मागा. आज तुम्ही मांडलेली हजेरीची वही त्या दिवशी पुरावा म्हणून उपयोगी पडेल. मंडळाकडून सुरक्षेची पेटी मिळते, ती घ्या. पण पेटी मिळाली म्हणून ठेकेदाराची जबाबदारी सुटली, असे होत नाही. पट्टा मंडळाचा असला, तरी परांची ठेकेदाराचीच असते.

आणि शेवटी बायकांविषयी थोडे. घमेले वाहणाऱ्या बाईला बहुधा हेल्मेट देत नाहीत. म्हणतात, "डोक्यावर घमेलं आहे ना, मग टोपी कशाला?" घमेले खाली ठेवल्यावर वरून वीट पडली तर? बाईचे डोके काय दगडाचे असते? तिचे नावही हजेरीत नवऱ्याच्या नावाखाली दडपतात. तिचे नाव वेगळे लिहून घ्या. तिची मजुरी वेगळी, तिचा पट्टा वेगळा, तिची नोंद वेगळी.

तर मंडळी, नियम आहेत, कायदाही आहे. लहान कामावर तो आपोआप पोचत नाही, त्याला हात धरून न्यावे लागते. ते काम निरीक्षकाचे आहे, सोसायटीचे आहे, ठेकेदाराचे आहे आणि आपलेही आहे. शिर सलामत तर पगडी पचास. एक दिवसाची मजुरी बुडाली तर दुसऱ्या दिवशी मिळेल.

यंदा गावातून जे कोणी मुंबईला निघतील, त्यांना भाकरी बांधून देताना एक छोटी वही आणि पेन्सिलही द्या. पहिल्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या: "परांची पाहीन, पट्टा बांधीन, मग चढेन."